रोग गुप्त नको, नाव गुप्त ठेवा

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. आडसाली लावणीचे दिवस होते. बेणेप्रक्रियेची माहिती विचारायला वारणाकाठच्या एका गावातला तरुण शेतकरी माझ्याकडे आला होता. माहिती घेऊन झाली, चहा झाला, बाकीची मंडळी उठून गेली, तरी हा पठ्ठ्या जागचा हलेना. शेवटी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं सगळ्या रोगावर औषध असतंय, म्हणून इचारतो. महिना झाला, उन्हाळी लागल्या. लघवीला आग हुत्या, पू बी जातोय. सब्जा खाल्ला, धन्या-जिऱ्याचं पाणी प्यालो, मेडिकलमधनं गोळ्या आणल्या. दोन दिवस बरं वाटतंय, परत हाय तेच."

मी विचारले, "आणि घरात? मालकिणीला काही त्रास?"

तो खाली बघत म्हणाला, "तिच्या बी ओटीपोटात दुखतंय म्हणत्या. अंगावरनं जातंय म्हणत्या. पण त्येचं काय, बायकांचं असतंयच की!"

आता मी पडलो शेतकी पदविकेचा माणूस. उसावरची काणी ओळखावी, सोयाबीनवरचा तांबेरा ओळखावा. माणसाच्या दुखण्यात आपल्याला काय कळणार? मी त्याला एवढेच सांगितले, की उद्याच्या उद्या सरकारी दवाखाना गाठ, आणि दोघं मिळून जा. पण तो गेला एकटाच. औषध घेतले, बरा झाला आणि दोन महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत माझ्या दारात उभा! दुसऱ्या वेळी बायकोला घेऊन गेला, तेव्हा कुठे दोघांची सुटका झाली. तिचे दुखणे मात्र तोवर आत पसरले होते. तिला पुढे कोल्हापूरला सीपीआरमध्ये न्यावे लागले. त्याने परवानगी दिली म्हणून एवढे लिहितो. नाव-गाव सांगणार नाही.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. माझे म्हणणे असे, की पिकावर ठिपका दिसला की आपण पान खुडून कृषी सहायकाकडे धावतो. म्हशीने वैरण सोडली की रात्री डॉक्टरला उठवतो. आणि स्वतःच्या देहाला कीड लागली, की तोंड शिवून बसतो. हा कुठला हिशोब?

'गुप्त' शब्दाने केलेला घात

या दुखण्यांना आपल्याकडे जुनी नावे आहेत. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया. जांघेत अवधाण येणे, चट्टा पडणे, उन्हाळी लागणे, अंगावरून पांढरे जाणे ही लक्षणेही सगळ्यांना ठाऊक आहेत. अर्थात उन्हाळी लागली म्हणजे परमाच झाला, किंवा पांढरे गेले म्हणजे हाच रोग, असे मुळीच नाही. लघवीला आग साध्या जंतुसंसर्गानेही होते, पाणी कमी प्यायल्यानेही होते. पण हे ठरवायचे कोणी? डॉक्टरांनी. आपण मात्र सगळ्यावर एकच शिक्का मारतो: गुप्तरोग! आणि एकदा 'गुप्त' म्हटले की तो गुप्तच ठेवायचा, अशी आपली समजूत.

या समजुतीवर कितीतरी जणांची दुकाने चालतात. एस.टी. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर 'शर्तिया इलाज'च्या जाहिराती आपण सर्वांनी वाचल्या आहेत. तरुण पोरे 'धात जाते' म्हणून घाबरतात आणि या वैदूंच्या तंबूत हजारो रुपये घालवतात. झोपेत वीर्यपात होणे हा रोगच नव्हे, हे त्यांना कोणी सांगत नाही. ज्याला खरोखरच रोग आहे, त्यालाही तोच चूर्णाचा डबा मिळतो.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, हे त्यांनी साध्या मराठीत लिहिले. त्याबद्दल त्यांना काय मिळाले? अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली, हाच गुन्हा! नव्वद वर्षे होऊन गेली. पण शंका विचारायची लाज आपण अजून टाकलेली नाही.

दुखत नाही तो रोग जास्त घातकी

हे रोग मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतात. काही रक्तातून आणि गरोदर आईकडून बाळाकडेही जातात. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा डास चावल्याने ते होत नाहीत. परमा, गरमी, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार रोग योग्य औषधाने पूर्ण बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ ते ४९ वयोगटात या चार रोगांची ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली; म्हणजे रोज दहा लाखांच्या वर. तेव्हा हे काही एखाद्या गावाचे, जातीचे किंवा चालीरीतीचे दुखणे नव्हे. हर्पीस, हिपॅटायटिस बी, एचपीव्ही आणि एचआयव्ही हे विषाणूंचे रोग. यातल्या काहींवर लस आहे आणि बाकीचे औषधाने आटोक्यात राहतात.

परमा झाला की पुरुषाला बहुधा दोन ते सात दिवसांत आग आणि पू सुरू होतो. तो निदान कळतो तरी. गरमीचे तसे नाही. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी गुप्तांगावर एक चट्टा पडतो. तो दुखत नाही. काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस म्हणतो, गेला एकदाचा! पण तो गेलेला नसतो, आत उतरलेला असतो. पुढे अंगावर, तळहातावर, तळपायावर पुरळ येते, तेही जाते. आणि औषध घेतलेच नाही, तर कित्येक वर्षांनी हृदयावर, मेंदूवर घाला पडू शकतो. वास्तविक हा रोग लवकर सापडला तर पेनिसिलिनच्या एका मात्रेत बरा होतो. हे औषध गरमीवर लागू पडते, हे १९४३ सालीच सिद्ध झाले आहे. म्हणजे औषध हाताशी असताना केवळ लाजेपोटी माणूस आयुष्य नासवून घेतो.

बाई गरोदर असेल तर प्रश्न आणखी गंभीर. गरमी आईकडून बाळाला जाते. गर्भपात, मृत मूल, व्यंग असलेले मूल हे त्याचे परिणाम. आपण उसाचे बेणे निवडताना गवताळ वाढीचे बेट बाजूला काढतो, कारण तो रोग बेण्यातून पुढच्या लावणीत येतो. मग सूनबाईला दिवस गेल्यावर गरमी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला सासूबाईंची आडकाठी कशाला? सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते आणि वेळेवर औषध दिले तर बाळ वाचते.

'बायकांचं असतंयच'

माझ्या मनात सलते ते हेच वाक्य. पुरुषाला पू गेला की तो निदान मेडिकलपर्यंत तरी जातो. बाईला बऱ्याचदा लक्षणच दिसत नाही, आणि दिसले तरी ती बोलत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अहवाल १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला आणि जगभर गाजला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात फक्त ८. ते सगळेच रोग शरीरसंबंधातून आलेले नव्हते, हे खरे. परंतु 'असतंयच' म्हणून बाई किती काय अंगावर काढते, हे त्यातून उघड झाले.

अंगावर काढण्याचा शेवट कुठे होतो, ते बीडने दाखवले. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी माहिती आली, तीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्याची कारणे अनेक आहेत. एक दिवस खाडा झाला तर उचल फेडायची कशी ही धास्ती आहे, पाळीच्या दिवसांत फडात सोय नाही, आणि पांढरे जाते म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावणारेही आहेत. ज्या दुखण्यावर चार-आठ दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या, त्यासाठी कितीजणींनी अवयव गमावला असेल, याचा विचार झाला पाहिजे. या बायका दरसाल आपल्याच शिवारात येतात, आपलाच ऊस तोडतात.

आणखी एक. लग्नाला पाच वर्षे झाली आणि मूल नाही, की बोट सुनेकडे. देवधर्म, गंडेदोरे, शेवटी दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी. परमा आणि क्लॅमिडिया अंगावर काढले तर गर्भनलिका बंद होऊ शकतात, हे कितीजणांना माहीत आहे? तो रोग नवऱ्याकडून आलेला असला तरी वांझ म्हणून शिक्का बसतो तो तिच्यावर. असला अन्याय दुसरा नाही.

एका फडाला फवारून भागत नाही

२००२ साली आपल्या भागात उसावर लोकरी मावा आला, ते जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. आपला प्लॉट धुऊन काढला आणि शेजाऱ्याने काही केलेच नाही, की पंधरा दिवसांत परत पांढरे! माणसाच्या या रोगाचेही तसेच आहे. नवऱ्याने औषध घेतले आणि बायकोने नाही, तर रोग तिच्याकडून परत त्याच्याकडे. म्हणून उपचार जोडीचाच. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस संबंध टाळायचा, हेही पथ्य आहे. माझ्याकडे आलेला तो तरुण याच ठिकाणी फसला.

दुसरी चूक अर्ध्या डोसाची. अर्धवट मात्रेने पुन्हा पुन्हा फवारले की किडी औषधाला दाद देत नाहीत, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. परम्याच्या जंतूंनी नेमके हेच केले आहे. पूर्वी ज्या गोळ्यांनी तो हमखास बरा व्हायचा, त्यातल्या कित्येक आता लागू पडत नाहीत. मेडिकलवाल्याने दिलेल्या दोन गोळ्यांनी पू थांबतो, रोग थांबत नाही. उलट जंतू शहाणा होतो.

टोळीवर बोट कशाला?

या रोगाचा विषय निघाला की गावात ठरलेले वाक्य ऐकू येते: "ही बाहेरची ब्याद. टोळीवाल्यांनी आणली, ड्रायव्हरांनी आणली." हे म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नाही. रोग टोळी बघत नाही, जात बघत नाही आणि सातबाराही बघत नाही. बाजाराला, जत्रेला, मिरवणुकीला म्हणून बाहेर गेलेला आपलाच माणूस तो घरी घेऊन येतो, आणि घरातली बाई काही न करता त्याची धनी होते.

ज्या बायांना आपण नावे ठेवतो, त्यांनी या बाबतीत आपल्याला धडा घालून दिला आहे. मीना शेषू यांनी १९९२ साली सांगलीत 'संग्राम' संस्था सुरू केली. धंदा करणाऱ्या बायांनीच एकमेकींना निरोध वाटायचे, रोगाची माहिती द्यायची, असे काम तिथे उभे राहिले. १९९६ साली त्याच बायांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' झाली. निरोध नसेल तर गिऱ्हाईक नको, हे त्या एकजुटीने म्हणू लागल्या. आता आपल्या गावातल्या लग्नाच्या बायकोला विचारा. "निरोध वापरा" असे नवऱ्याला म्हणायची तिची टाप आहे का? म्हटलेच तर "माझ्यावर संशय घेतीस?" म्हणून अंगावर धावून येणारेच जास्त. मंगळसूत्र घातलेली बाई त्या बायांपेक्षा जास्त असहाय असावी, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नव्हे.

दवाखान्यात काय होते?

घाबरण्यासारखे काही होत नाही. लक्षणांप्रमाणे औषधांची तयार पाकिटे राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात. राखाडी, हिरवे, पांढरे, निळे, लाल, पिवळे, काळे अशी सात रंगांची. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, तसा इथला रंग नव्हे. कुठल्या लक्षणाला कुठले पाकीट, एवढाच त्याचा अर्थ. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. एचआयव्हीची तपासणी समुपदेशन केंद्रात मोफत होते. १०९७ या क्रमांकावर फोन केला तर पैसे लागत नाहीत, नाव सांगावे लागत नाही आणि मराठीत बोलता येते.

एचआयव्ही म्हणजे मरण, ही समजूतही आता सोडली पाहिजे. २००४ पासून सरकारी केंद्रांत त्यावरची औषधे मोफत मिळतात आणि २०१७ पासून लागण सापडली की लगेच सुरू करतात. रोज नेमाने गोळी घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. धोक्याचा प्रसंग घडलाच असेल, तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात गेल्यास लागण टाळण्याचे औषध मिळू शकते. जितके लवकर तितके चांगले. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल फोडता येत नाही आणि त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही.

कायदा आहे, पण वागणूक? एका दवाखान्यात मी स्वतः पाहिले आहे. केसपेपर देणाऱ्याने खिडकीतून मोठ्यांदा विचारले, "काय होतंय? सांगा की, लाजताय काय?" मागे वीस माणसांची रांग. तो माणूस "ताप आलाय" म्हणाला आणि पॅरासिटामॉल घेऊन घरी गेला. रोग गुप्त ठेवू नका, असे मी लोकांना सांगतो. पण मग दवाखान्याने त्यांचे नाव गुप्त ठेवले पाहिजे. आडोशाची एक खोली आणि हळू आवाज, यासाठी कुठल्याही अनुदानाची गरज नाही.

प्रतिबंध स्वस्त आहे

जोडीदाराशी प्रामाणिक राहणे हा पहिला उपाय. पण माणूस आहे, चुकतो. तेव्हा दुसरा उपाय निरोध. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख बघतो, तशी त्याच्यावरचीही तारीख बघावी. पाकिटात किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये उन्हात तापलेला निरोध वापरू नये, आणि खोबरेल तेल लावू नये. त्याने रबर फाटते. निरोध सगळा धोका घालवत नाही, पण पुष्कळ कमी करतो.

तिसरा उपाय लस. हिपॅटायटिस बीची लस बाळाच्या लसीकरणातच असते, ती चुकवू नये. एचपीव्ही या विषाणूमुळे बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो. त्यावरची देशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणली. ती मुलींना ९ ते १४ या वयात देणे सर्वांत चांगले. पोरीच्या लग्नासाठी सोने साठवणाऱ्या बापाने या लसीचीही चौकशी करावी.

गावाने काय करावे?

वारणा खोऱ्याने सहकारातून माळरानावर कारखाना उभा केला, दूध उभे केले, बायकांच्या हाताला काम दिले. हे जमवणाऱ्या माणसांना एवढी एक गोष्ट अवघड नाही. माझ्या सूचना अशा:

गळीत हंगाम सुरू होताना टोळ्यांच्या तळावर आणि गावातही आरोग्य तपासणी व्हावी. तिथे बाई डॉक्टर असावी, आणि तपासणीला गेलेल्या बाईचा खाडा धरू नये. दूध संस्थेच्या सभेत जनावरांच्या गर्भपाताच्या रोगावर आपण तास-तास बोलतो, तिथे माणसांसाठी अर्धा तास काढावा. डॉक्टर आनंदाने येतील. पुरुषांची बैठक वेगळी, बायकांची वेगळी घ्यावी म्हणजे शंका निघतील. बचत गटांनी आशाताईंना बोलवावे. शाळेत नववी-दहावीच्या मुलामुलींना शास्त्रशुद्ध माहिती द्यावी, नाहीतर ती मुतारीच्या भिंतीवरून शिकणारच आहेत. आणि आम्ही शेतीखात्याची माणसे गावोगाव फिरतो, शेतकरी आमच्याशी मोकळेपणाने बोलतात. आम्ही औषध सांगू नये. पण "दवाखान्यात जा आणि दोघं जा" एवढे सांगायला आम्हाला कुणी अडवलेले नाही.

तो तरुण परवा भेटला. ऊस चांगला फुटलाय म्हणाला. मी विचारले, "आणि घरात?" या वेळी त्याने मान खाली घातली नाही. म्हणाला, "बरी हाय आता. पण साहेब, पयल्यांदाच तिला संगं न्यायला पायजे हुतं."

(लेखक पन्हाळा तालुक्यात कृषी विस्तार अधिकारी आहेत.)